एक्केचाळीस कॅसेटींची वाटणी

मी, श्रीमती फुलवंता शिवराम उईके, वय ७४, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, राहणार मानकापूर, नागपूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. बीपी थोडं वाढलेलं आहे, पण ते आनंदाने. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सहा वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते, आणि फार खुशीने रद्द करते.

१. मानकापूरचं घर माझा एकुलता एक मुलगा रुपराव याला मिळावं. समोरची खोली मात्र दर रविवारी सकाळी मोकळी ठेवावी. कशासाठी, ते कलम ४ मध्ये येईल.

२. बँकेतली ठेव नात रितिका हिची. तिने आधी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात. उरेल त्यात गाडी घेतली तरी माझी हरकत नाही.

३. आता मुख्य मालमत्ता. लोखंडी कपाटात एक्केचाळीस कॅसेटी आहेत. माझी आई देवलापारकडची. तिची गोंडी गाणी, गोष्टी, शेजारणीशी झालेलं एक भांडणसुद्धा मी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं. गडचिरोलीकडे गोंडी बोलणारे पुष्कळ आहेत, पण आईच्या तोंडची गोंडी मी आणि माझी धाकटी बहीण यमुताई, अशा दोघींकडेच उरली असं मी समजत होते. म्हणून आधीच्या मृत्युपत्रात कॅसेटी परगावच्या एका संस्थेला लिहून दिल्या होत्या. तेव्हा त्या त्रेचाळीस होत्या. तिथले एक साहेब अभ्यासाला म्हणून दोन घेऊन गेले, त्या अजून परत आल्या नाहीत. त्यांना माझ्या घरातून यापुढे काहीही मिळणार नाही, चहासुद्धा नाही.

मुलाला का दिल्या नव्हत्या? दोष माझा आहे, तो लिहून ठेवते. रुपराव पहिलीत असताना त्याने बाईंना 'येर' मागितलं. येर म्हणजे आमच्यात पाणी. वर्ग हसला आणि बाईंनी त्याला तासभर उभं केलं. त्याच दिवशी मी आणि त्याच्या बाबांनी ठरवलं, पोराशी गोंडीत बोलायचं नाही. मग ती भाषा आमच्या घरात फक्त त्याच्यापासून लपवायच्या गोष्टींसाठी उरली: नातेवाइकांच्या भानगडी, आमची भांडणं आणि त्याचीच निंदा.

तर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी यमुताई आणि मी स्वयंपाकघरात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होतो. रुपराव समोरच्या खोलीत पेपर वाचत होता. आमची गोंडीत त्याच्यावरच उजळणी चालली होती: डोक्याने मंद, बायकोच्या ताब्यात, वगैरे. मग यमुताईने आईचं भाताच्या रोवणीचं गाणं धरलं आणि तिसऱ्या ओळीला अडली. मलाही आठवेना. आणि समोरच्या खोलीतून रुपरावच्या आवाजात ती ओळ आली! आईचीच चाल, आईचाच हेल!

"काहून गा, तुले येते?" मी ओरडलेच.

"तुमी दोघी मले शिव्या त्याच्यातच देत होत्या न, माय. शिकाच लागलं."

"मंग आजवर बोलला काहून नाही?"

त्याने पेपरची घडी घातली. "तुमीच तं म्हणत होत्या, पोराले समजू देऊ नोका. मंग समजलं म्हून कसं सांगू?"

मी दुपारी दार लावून कॅसेटी ऐकायचे, तेव्हा तो दाराबाहेर बसायचा म्हणे. पंचेचाळीस वर्षं! मी रडले, मग हसले, मग एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर काय काय बोलले ते आठवून पुन्हा रडले. यमुताई तर पदर तोंडाशी धरून मागच्या दाराने पसार झाली.

४. म्हणून सर्व कॅसेटी रुपरावला. अट एकच: दर रविवारी समोरच्या खोलीत एक कॅसेट लावावी, गल्लीतली पोरं बसवावीत आणि ओळ न् ओळ समजावून सांगावी. दोन वर्ग झालेसुद्धा! पहिल्याला चौघं होते, परवा अकरा.

५. रुपरावला मी डोक्याने मंद म्हटलं, ते सर्व मागे घेते. बायकोच्या ताब्यात म्हटलं, ते कायम ठेवते.

६. मला मातीत द्याल तेव्हा भाषणं नकोत. रुपरावने रोवणीचं गाणं म्हणावं. घाई मात्र कोणी करू नये, अजून एकोणचाळीस कॅसेटी व्हायच्या आहेत.

७. हे कलम वकिलांनी सांगितलेलं नाही. आत्ता हे लिहीत असताना रितिका आली आणि ग्लास पुढे करून म्हणाली, "आजी, येर?" मला तहान नव्हती. रुपराव दारात उभा राहून बघत होता. मी ग्लास रिकामा केला.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, रुपरावकडून गोंडीत सांगून घेतला, आणि दोन्हीकडे माझी इच्छा एकच आहे याची खात्री करून खाली सही करते.

फुलवंता शिवराम उईके

साक्षीदार:
१. यमुताई कोडापे, बहीण (शिव्यांमध्ये हिचा निम्मा वाटा होता, हे तिला मान्य आहे)
२. संघपाल गजभिये, शेजारी

स्थळ: नागपूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५