नऊ हजार फेऱ्यांचं इंजिन आणि कलम सहा

मी, धोंडबा चिंधू हत्तीमारे, वय अडुसष्ट, पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमधला निवृत्त मशिनिस्ट, मूळ आमगावकडचा, सध्या राहणार जुनवानी, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी दबाव आणलेला नाही, कुणी काही पाजलेलं नाही. दोन स्टेंट आहेत ते छातीत आहेत, डोक्यात नाहीत. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं, तर शामसुंदर देशकरचं नाव त्यात बायकोच्या खालोखाल आलं असतं. आता ते कुठे येतं ते पुढे बघावं.

कलम एक. जुनवानीचं राहतं घर आणि बँकेत असेल ते सगळं माझी पत्नी मैनाबाई हिचं. तिच्यानंतर प्रवीण आणि दिपाली, दोघांत सारखं. तिच्या हयातीत या घरात कुणी जागा कमी पडते असं म्हणू नये. ज्याला कमी पडेल त्याने अंगणात झोपावं.

कलम दोन. मुलगा प्रवीण याला माझी स्कूटर द्यावी. तो पुण्याहून येतो तेव्हा मागच्या खोलीत डोकावून म्हणतो, "बाबा, ये कबाड़ बेच दो ना." त्या कबाडातली ही एकच चालती वस्तू आहे. रोज सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते. पहिल्या किकला होत नाही, म्हणून चिडू नये.

कलम तीन. लेथ, मायक्रोमीटर, पाने आणि हत्यारांची हिरवी पेटी मुलगी दिपाली हिची. ती आयटीआयमध्ये मुलांना शिकवते आणि वापरलेलं हत्यार पुसून जागेवर ठेवते. एवढं कारण पुरेसं आहे. मी डावखुरा असल्यामुळे काही पाने मी वाकवून घेतले आहेत, ते तिने सरळ करू नयेत.

कलम चार. १९८५ सालची मारुती आठशे, पांढरी, इंजिन काढलेली, आणि तिच्या इंजिनाच्या आराखड्याची दोनशे पानी वही. या दोन्हीही दिपालीच्याच.

वहीबद्दल थोडं सांगावं लागेल. ही गाडी मी २००९ साली घेतली आणि दोन वर्षांनी डोक्यात किडा शिरला. तीन सिलिंडरचं, आठशे सीसीचं इंजिन. त्याला टर्बो लावायचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो आत जादा हवा कोंबतो. आणि तेवढ्यावर न थांबता ते मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत न्यायचं. लोक म्हणत, टर्बो लावल्यावर एवढ्या फेऱ्या कशाला हव्यात? कारखान्यात मी पस्तीस वर्षं रोलिंग मिलचे रोल लेथवर खरादले. अवजड, संथ, आज्ञाधारक माल. मला एकदा तरी काहीतरी हलकं आणि वेडं बनवायचं होतं. घडीव पिस्टन, कमी केलेलं कॉम्प्रेशन, दुहेरी व्हॉल्व्ह स्प्रिंग, तेल एका बाजूला पळू नये म्हणून तेलाच्या तळात आडवे पत्रे, असं एकेक पान भरत गेलं. हिशेब माझे. स्वच्छ ड्रॉइंग मात्र शामसुंदरने काढली, कारण तो ड्रॉइंग ऑफिसचा माणूस आणि माझ्या रेघा कोंबडी चालल्यासारख्या.

कलम पाच. शामसुंदर देशकर याला माझ्या मालमत्तेतून काही देऊ नये. चहासुद्धा नको.

एकतीस वर्षांची दोस्ती होती. दर रविवारी तो यायचा, मैनाबाईच्या हातचं वांग्याचं भरीत खायचा आणि सरळ पट्टी घेऊन बसायचा. २०१९ साली शेवटचं ड्रॉइंग पूर्ण झालं तेव्हा म्हणाला, "धोंडबा, हे आपलं दोघायचं लेकरू हाय." मी मान डोलावली. २०२० नंतर त्याचं येणं बंद झालं. आधी गुडघा दुखतो म्हणाला, मग घरी पाहुणे आहेत म्हणाला, मग काहीच म्हणेनासा झाला. मी त्याच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं होतं.

यंदा सव्वीस जानेवारीला सिव्हिक सेंटरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथे निळी मारुती आठशे उभी, बॉनेट उघडं, भोवती गर्दी. फलकावर लिहिलं होतं: 'संपूर्ण आराखडा व निर्मिती: शामसुंदर देशकर आणि सुजय देशकर.' सुजय म्हणजे त्याचा मुलगा. मी वाकून पाहिलं. टर्बोच्या तेलाच्या नळीचा क्लॅम्प उलट्या बाजूला होता. तिथे कुठलाही शहाणा माणूस तो लावणार नाही, कारण उजव्या हाताने पाना फिरतच नाही. तो मी आराखड्यात माझ्या डाव्या हातासाठी तसा ठेवला होता. चोरांनी माझा डावा हातसुद्धा उचलून नेला आणि तो कशासाठी आहे हे विचारलंही नाही.

शामसुंदरने मला पाहिलं आणि हात जोडले, दुकानदार गिऱ्हाइकाला जोडतो तसे. मी घरी आलो. त्या दिवशी मी जेवलो नाही. चोराने लुटलं तर माणूस पोलिसात जातो. मित्राने लुटलं तर जायला जागाच नसते.

कलम सहा. हे कलम मी दोनदा लिहिलं आहे. पहिलं फाडलं.

त्या फलकावर खाली एक ओळ होती: 'मूळ बिडाचं फ्लायव्हील, लेथवर हलकं केलेलं.' बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती. ती हलकी केली की इंजिन झटकन फेऱ्या घेतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये तसंच होतं. पण २०२१ साली मी स्वतः एक चकती तशी खरादली आणि कारखान्यात करायचो तशी तपासली. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. बोल्टच्या भोकापासून केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे तडा. बीड नऊ हजार फेऱ्या सोसणार नाही. मी वहीत लाल शाईने लिहिलं: 'बिडाचं नको. पोलादाचंच.' हे शामसुंदरला सांगायचं होतं, पण तोवर तो येईनासा झाला होता.

बिडाची चकती फुटली की तुकडे पत्रा फाडून आत येतात, चालवणाऱ्याच्या पायांपर्यंत. प्रदर्शनात फलक वाचताना मला हे सगळं एका क्षणात कळलं. आणि मला बरं वाटलं. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून लिहितो: मला बरं वाटलं. फुटू दे, मग जगाला कळेल इंजिन कुणाचं होतं.

फाडलेल्या कलमात मी लिहिलं होतं की लाल शाईचं ते पान माझ्या मृत्यूनंतर शामसुंदरला पोचवावं. म्हणजे तो आयुष्यभर खजील राहील. काल मैनाबाईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अवो, हे कागद मेल्यावर उघडतेत ना जी? ते उत्कर्षा तं या इतवारी गाडी पळवून राहिली. नऊ हजारावर नेतो म्हणते. तिनं तुमचं काय नेलं?"

उत्कर्षा ही सुजयची मुलगी, बावीस वर्षांची. तिने माझं काहीच नेलेलं नाही.

मी शामसुंदरला फोन लावला. पाच वर्षांनी. चकती बदल म्हणालो. तो म्हणाला, "तू जळून राहिला धोंडबा. इतके दिवस कावून नाही बोलला? आता माह्या नातीले भेव दाखवतं?" आणि फोन ठेवला. जळतो मी, हे खरं आहे. चकतीला तडा जातो, हेही खरं आहे. एक खरं असलं म्हणून दुसरं खोटं होत नाही, पण हे त्याला ऐकवायचा हक्क मी एकोणीस दिवस गप्प बसून घालवला.

म्हणून आज सकाळी शेजारच्या सिंधुताईंच्या हाती देशकरांकडे निरोप धाडला: मृत्युपत्राला साक्षीदार हवा आहे, घरातलं कुणीही या. वकील सांगतात की ज्याला काही मिळणार नाही त्यालाच साक्षीदार करावं. त्या घराइतके लायक साक्षीदार मला दुसरीकडे मिळायचे नाहीत. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणतात. माझी अट आहे की देशकरांपैकी जो येईल त्याने कलम सहा वाचावं, लाल शाईचं पान आणि तडा गेलेली चकती हातात घेऊन बघावी, आणि मगच सही करावी. चकती टेबलावर ठेवली आहे. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. आजच लागू आहे.

बाकी सर्व कलमं मी गेल्यावर.

वरील मजकूर माझा, अक्षर माझं, आणि राग अजून माझाच आहे. तो कुणाच्या नावे करत नाही.

धोंडबा चिंधू हत्तीमारे (सही)
जुनवानी, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार पहिली: सिंधुताई कापगते, निवृत्त शिक्षिका, शेजारीण. धोंडबांनी सही माझ्यासमोर केली. (सही)

साक्षीदार दुसरी: उत्कर्षा सुजय देशकर. धोंडबा आजोबांनी माझ्यासमोर सही केली. आमचे शामसुंदर आबा आले नाहीत, मी त्यांना न सांगता आले. कलम सहा वाचलं, चकती पाहिली, रेघ नखाला लागते. रविवारी मी गाडी चालवणार नाही. एकोणीस दिवस मला का सांगितलं नाही, असं मी आजोबांना विचारलं. त्यांनी पेन पुढे केलं. सही तरी करते आहे. (सही)