नाकातली दारं

२ जून
डॉक्टर म्हणाले, तापात नाकातल्या पेशी मेल्यात. वास परत येईल, किंवा येणारही नाही. पुढचं मात्र मी नीट ऐकलं. वासाचा कण पेशीवर बसला की तिच्यातली बारीक दारं उघडतात. आयन चॅनल म्हणतात त्यांना. त्यातून सोडियम, कॅल्शियमचे कण आत शिरतात, करंट तयार होतो आणि मेंदूला बातमी जाते. थोडक्यात, माझी दारं अडकलीत. अडकलेलं दार आज ना उद्या उघडतंच.
बावीस वर्षं डेअरीत कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावर दूध पास-नापास करतोय. हे नाक असं हात टेकणारं नाही. महिन्याभरात लेक बाळंत होईल. नातवंडाच्या टाळूचा वास घ्यायचाच. लेकीच्या टाळूचा अजून विसरलो नाही.

३ जून, पहाटे पाच
व्यायाम सुरू. लवंग, लिंबू, निलगिरी. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा हुंगायला सांगितलंय. मी चारदा हुंगणार.

५ जून
चारदा जमत नाही. एकदाच, पण मनापासून.
डेअरीत बोललो नाही. उगाच बोभाटा कशाला? झाकण उघडलं की दूध आणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या तोंडाकडे बघतो. नजर चुकवली की नापास. पद्धत शास्त्रीय आहे.

९ जून
सोडियम म्हणजे मीठच की! कण कमी पडत असणार. आजपासून सगळ्यात दुप्पट मीठ.

१४ जून
बीपी १७०. बायकोने मिठाची बरणी कुलपात ठेवली. खाल्लेलं मीठ नाकात जातं का, असं विचारत होती. तिला शास्त्र कोण समजावणार.

२१ जून
लवंगेचा वास आला! नक्की आला!

२१ जून, संध्याकाळी
मी डोळे मिटून हुंगत होतो. बायकोने मुद्दाम निलगिरी धरली होती म्हणे. याला संसार म्हणतात.

२६ जून
नवीन टेम्पोवाला. थेट डोळ्यांत बघून हसला. पास केलं. टाकीभर दूध नासलं.
साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, लॅबमधली मुलगी तीन आठवडे माझ्या मागून प्रत्येक कॅन तपासतेय, आज नेमकी रजेवर होती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

२७ जून
कॅन धुण्यावर देखरेखीला बदली. जबाबदारीचं काम आहे. घरी बढती म्हणून सांगितलं. बायको बरं म्हणाली आणि पाठ करून भांडी विसळत राहिली.

४ जुलै
नात झाली! दवाखान्यात औषधांचा वास मध्ये येतो, म्हणून प्रयत्न केला नाही. घरी आल्यावर बघू.

९ जुलै
लेक नातीला घेऊन आली. मांडीवर घेतलं, टाळूला नाक लावलं, मोठा श्वास घेतला. सगळे बघत होते. काय गोड वास आहे, म्हणालो, अगदी तुझ्यासारखा.
लेक हसत सुटली. बाबा, शी केलीय तिने, म्हणाली, खोलीभर वास सुटलाय. मीही हसलो. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसू थांबलं. बायकोने बाळाला उचललं.
बाथरूममध्ये जाऊन रडलो. नळ सोडायचं सुचलं नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.
नंतर लेक बाळाला घेऊन शेजारी येऊन बसली. कसा येतो गं वास, मी विचारलं. तिने टाळूला नाक लावलं. पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाली, सांगता येत नाही, बाबा.