आठ ब्रश

सोमवार, ४ मार्च

पोस्टमास्तर आजही भिंतीकडे तोंड करून बसले! वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये सात जण रमी खेळतायत आणि हे चाकाची खुर्ची वळवून पाठमोरे. झटक्यानंतर उजवा हात गेला, वाचा गेली. उरला एकच शब्द — "नको". मेट्रन म्हणतात, "असू दे गं, बघतात तरी." कुठे बघतात? भिंत बघतात! या लोकांचा वेळ बरा जावा म्हणून मला इथे ठेवलंय, आणि आठातला एक जण रोज माझ्याकडे पाठ करतो. मला नाही खपत.

मंगळवार, ५

एका हाताने तेरा पत्ते धरायचे आणि त्याच हाताने टाकायचे कसे? शेजारच्याने धरले तर त्याला दिसतात. मी धरले तर अख्खा हॉल कीव करत बघतो. मलाही ते सहन झालं नसतं.

शुक्रवार, ८

सुचलं! कपडे घासायचा ब्रश मोरीत उलटा पडला होता. त्याच्या केसांत बसचं तिकीट खोचून पाहिलं — ताठ उभं!

मेट्रनकडे आठ ब्रश मागितले. "एका माणसासाठी आठ?" म्हटलं, एकच आणला तर सगळे त्याला आजाऱ्याचा ब्रश म्हणतील. सगळ्यांनी तसंच खेळायचं. कपाळावर हात मारून त्यांनी सही केली.

सोमवार, ११

रणधुमाळी! बँकेतल्या बाई कडाडल्या, "मला दोन्ही हात आहेत!" म्हटलं, नियम म्हणजे नियम. बँकेत जन्म घालवलेल्या बाईला आणखी काय सांगायचं! दहा मिनिटांनी पाहिलं तर त्यांचे थरथरणारे हात मांडीवर निवांत. महिनाभर त्या सारखे पत्ते का पाडत होत्या, ते आज कळलं. मी इतकी आंधळी!

पोस्टमास्तर मात्र — "नको".

गुरुवार, १४

वळले!! कोणी बोलावलं नाही. त्यांच्या जागी ब्रश ठेवला, तेरा पत्ते वाटले आणि सगळे गप्प थांबलो. चांगली चार मिनिटं. मग चाक करकरलं. डाव हरले, पण शेवटचा पत्ता असा आपटला की चहाचा कप उडाला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

जेवताना घरी सांगितलं. नवऱ्याने "वा" म्हणून फोन उचलला. सासूबाईंनी मात्र खोदून खोदून विचारलं — कुठला पत्ता टाकला? कोण जिंकलं? मग बाई काय म्हणाल्या? बरं वाटलं. या घरात माझ्या कामाची कदर असलेलं एक माणूस तरी आहे.

रविवार, १७

सासूबाई म्हणाल्या, "एक डाव टाकूया का गं?" म्हटलं, "आई, सहा दिवस तेच करते हो. आज पत्ते डोळ्यांसमोर नकोत." "खरंच की, दमतेस," म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आम्ही दोघं कामावर असतो तेव्हाही, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तोच चालू. यांचे कान कसे किटत नाहीत!

शुक्रवार, २२

पोस्टमास्तर सलग तीन डाव जिंकले. बँकेतल्या बाई दोन तास फुगून बसल्या. पोस्टमास्तरांना आता कोणी सवलत देत नाही. मला आणखी काय हवं?

मंगळवार, २६

पोस्टमास्तर गेले. पहाटे, झोपेत. दुपारी सातच जण बसले. आठवा ब्रश मला कोणी उचलू देईना.

घरी येऊन सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "शेवटचे बारा दिवस चार माणसांत बसले गं ते. असं कुठे सगळ्यांच्या वाट्याला येतं?" किती समजूतदार आहेत!

शनिवार, ३०

सकाळी डबा भरत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोस्टमास्तरांची खाट भरली का गं?"

नाही अजून. का हो?

"मला घेतील का, विचार ना."

रागाने म्हणाल्या नाहीत. नोकरी मागावी तशा, लाजत म्हणाल्या.