मांडी घालून

मखमलाबाद, नाशिक
१६ ऑक्टोबर २००५

चि. ज्ञानेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. पुण्यात तुम्हीही मजेत असाल. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? "ताई, गुडघा किती दुखतो?" इथूनच तुझी तपासणी सुरू. कागद बिचारा ऐकून तरी घेतो.

दसऱ्याला झेंडू दुपारच्या आत संपला. शेवंतीही छान धरली आहे. सूनबाईंनी मात्र भलताच हट्ट केला. "आई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीच वापरायचीय, आत्तापासून सवय करा," म्हणून शुभांगीने बाजारात लोखंडी खुर्ची आणून ठेवली. बसले बाई! आपली हार बांधायची रीत तुला ठाऊक आहे. मांडी घालायची, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, की हात आपोआप चालतात. खुर्चीच्या दांडीला दोरा बांधून पाहिला, हार सगळा सैल. त्यात हार बांधणाऱ्या बाकीच्या बायका खाली, त्यांच्या गप्पा खाली, आणि मी वर मुकादमासारखी एकटी. एक गिऱ्हाईक तर मला म्हणालं, "मालकीणबाई, तुमच्या बायकांना दोन फुलं जास्त घालायला सांगा ना." तिथे हसून पुरेवाट झाली, पण घरी येऊन रडू आलं.

तू दाखवलेले डॉक्टर भला माणूस. "दुखणं जाईल, मैलभर चालाल, खाली बसणं मात्र विसरा," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. तू पहिलं तेवढं ऐकलंस, मी शेवटचं.

साळूबाईला विचारलं. ती डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फुलं विकते. म्हणाली, "मी आसते तं कालच करून घेतलं आसतं. बसायला टाइम कोणाला हाय? पाय चालले म्हंजे लय झालं." तिचं तिच्यापुरतं खरंच आहे. तिचं पोट चालण्यावर, माझं बसण्यावर.

इतकं लिहिलं, तरी मुख्य ते राहूनच जातंय. तू घेतलेली ऑपरेशनची तारीख मी परवा फोन करून रद्द केली. तुला न विचारता. रागावशील, तर रागाव. दुखतं रे, खोटं कशाला बोलू? जिना चढताना देव आठवतो. पण फुलांच्या ढिगापाशी मांडी घालून बसले की मी आजारी आहे हे मलाच आठवत नाही.

तुझी घाई कशापायी आहे, तेही कळतं मला. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं तू केलंस. माझं तसं होऊ नये म्हणून तुझा जीव तुटतो. चालणं अगदीच थांबलं, तर तू म्हणशील तिथे येईन, शब्द देते. आज मात्र मी सुखात आहे, एवढं ऐक.

भाऊबिजेला ये. तोंड फुगवून आलास तरी चालेल. तू पाटावर बस, मी समोर खाली बसून ओवाळीन. मग मला उठवत नाही, कोणाचा तरी हात लागतो. तो तू द्यायचा.

वाट पाहणारी,
तुझी ताई