आत्याच्या खुब्यातलं भोक

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आत्याचा खुबा आज माझ्या हातात! प्लास्टिकचा, पण हुबेहूब तिचाच — स्कॅनवरून छापलेला, एकोणीस तास मशीन चालू. अलकनंदा आत्याच्या खुब्यात चौदा वर्षांपूर्वी बसवलेली कृत्रिम वाटी सैल झालीय, भोवतीचं हाड झिजलंय. डॉक्टर आधी या मॉडेलवर तालीम करणार, मग १४ला खरं ऑपरेशन. बिघडलं तर कायमची चाकांची खुर्ची.
छपाईच्या फाइलमध्ये, वाटी बसते त्या हाडाच्या खोबणीच्या तळाशी भोक होतं. आमचं दिल्लीजवळच्या मानेसरचं वर्कशॉप मूळचं गाड्यांच्या पार्ट्सचं. जयदीपसर रोज ओरडतात, "छेद है तो फाइल खराब है." एक क्लिक — बंद. काय गुळगुळीत आलंय! बारावी नापास आहे मी, कोणी म्हणेल?

५ फेब्रुवारी
मॉडेल डॉक्टरांकडे नेताना मेट्रोच्या तपासणीत जवानाने डबा उघडायला लावला. "ये क्या है?" "मेरी बुआ." मयूर विहारपर्यंत हसतोय एकटाच.
मॉडेल पाहून डॉ. इंद्रजित म्हणाले, "हड्डी अच्छी बची है. नॉर्मल कप बैठ जाएगा." आत्या खूश. "एकतीस वर्षं सरकारी खुर्चीत बसले रे. पुरे आता."

६ फेब्रुवारी
नोकरी सोडून सायकलने स्पितीला जावं का? हेल्मेट बघत बसलो दिवसभर.

१० फेब्रुवारी
स्कॅनवरून फाइल चेतना बनवते. जेवताना तिला भोक बुजवल्याचं सांगितलं, फुशारकीने. तिचा घास तसाच राहिला. "यार, वो छेद फाइल में नहीं, बुआजी की हड्डी में है."
म्हणजे साधी वाटी ठोकली असती तर आरपार आत गेली असती.
जिन्यात जाऊन डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शाम को बताता हूँ." संध्याकाळी एवढंच — "दूसरा बनाओ. छेद के साथ." ऑपरेशन आठवडाभर पुढे. आत्याला म्हटलं, डॉक्टरांना वेळ नाहीये. खोटं.

१३ फेब्रुवारी
नव्या मॉडेलमधून करंगळी आरपार जाते. डॉक्टरांनी भोकावर धातूची जाळी वाकवून बसवली, तिच्यावर वाटी. हलवून पाहिली — घट्ट! मी तिथेच नाचलो. सिस्टरने बाहेर काढलं.

२१ फेब्रुवारी
झालं. भोक नेमकं तिथंच निघालं म्हणे. आत्या शुद्धीवर आल्यावर खरं सांगायला लागलो, तर म्हणाली, "माहितीये. डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन केला होता — मॉडेल दुसरीकडून करून घेऊ का म्हणून. मी म्हटलं, त्यालाच करू द्या."