आई चालेल का?

बुधवार, दुपारचे सव्वादोन

तीर्थस्वरूप मावशी,

नमस्कार. (साष्टांग घालायला जमिनीवर जागा नाही, खोलीभर कागद पसरले आहेत. हा उभ्याने केलेला गोड मानून घे.) काकांची पाठ आता कशी आहे? तुझा खोकला गेला, की आता घरचाच झाला? इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठीक आहेत. बाबा माझ्याशी बोलतात, आई बाबांशी बोलते, आणि आई माझ्याशी फक्त जेवायला वाढताना बोलते, तेही ‘अजून?’ एवढंच. फोन करता आला असता, पण आमच्या भिंती पातळ आहेत आणि आईचे कान शाबूत आहेत. म्हणून पत्र. आज कुरिअरने पाठवते, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल.

मुद्दा आधी सांगते, कारण पुढे फाटे फार फुटणार आहेत. आई सहलीला येत नाही म्हणते आहे. चूक चाळीस टक्के माझी, चाळीस बाबांची आणि वीस मराठी भाषेची आहे. परवा म्हणजे शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हॉटेल पक्कं झालं नाही, तर दोन हॉटेलांत धरून ठेवलेल्या शेजारशेजारच्या खोल्या सुटतील. रजा पुढे सरकत नाही. तीन वर्षांनी नऊ दिवसांची मिळाली आहे, आणि साहेबांनी सही करताना पेन असं धरलं होतं की जणू माझं नाव शिलालेखातून खोडताहेत.

आता सहलीसाठी बेट कसं निवडलं ते विचारू नकोस, ते सोपं होतं. समुद्र, नारळ, ऊन, सगळीकडे सारखंच. अडलं ते हॉटेलाशी. तुला माझं काम माहीत आहे: कारखान्यांतले वजनकाटे, तापमापकं, दाबमापकं खरं बोलतात का ते तपासायचं. प्रत्येक यंत्र थोडं खोटं बोलतंच. किती आणि कोणत्या बाजूला ते एकदा कळलं की त्याच्याशी संसार करता येतो. हॉटेलवाले सगळे एकाच बाजूला खोटं बोलतात, पण किती याचा पत्ता लागत नाही. ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ असं लिहिणाऱ्याचं अंतर मी उपग्रहाच्या चित्रावर मोजलं. सातशे चाळीस मीटर. (मागे कुत्रं लागलं तर दोन मिनिटांत जाता येतं, हिशेब करून पाहिला.) दुसऱ्याने ‘खोलीतून समुद्रदर्शन’ म्हणून फोटो टाकला होता. मोठा करून बघितला, तर ती खिडकी नव्हती, भिंतीवर टांगलेलं चित्र होतं. तिसऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, दिसत नाही पण ऐकू येतो. मी विचारलं, किती डेसिबल? तो म्हणाला, मॅनेजरना विचारून सांगतो. अजून विचारतो आहे. एका पाहुण्याने तक्रार लिहिली होती की किनाऱ्यावर वाळू फार आहे. एवढ्या सगळ्यांत हाच एक साक्षीदार मला विश्वासाचा वाटला.

अशी त्रेचाळीस हॉटेलं आणि सतरा रकाने झाले. गेले अकरा दिवस मी धड बसलेली नाही. ऑफिसात काटा स्थिर व्हायची वाट बघताना माझा पाय हलतो, आणि पाय हलतो म्हणून काटा स्थिर होत नाही. हे पत्र लिहिताना तीनदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा क्रमांक सतराची नारळाची झाडं पुन्हा मोजायला (फोटोत नऊ, उपग्रहातून चार), आणि एकदा कशाला ते आठवत नाही.

बाबांची अट एकच, पहाटे साडेपाचला चहा. त्यांचं काम दहा मिनिटांत झालं. आईला विचारलं, खोली समुद्राकडची हवी की बागेकडची? म्हणाली, चालेल. मी म्हटलं, दोनांतली एक सांग. म्हणाली, दोन्ही चालेल. वरच्या मजल्यावरची? चालेल. आईचं ‘चालेल’ म्हणजे अडकून बसलेला काटा, वर किलो ठेवा नाहीतर क्विंटल, आकडा तोच. मला या नऊ दिवसांतून फार काही नको होतं. तिने एकदा, एका तरी गोष्टीबद्दल, मला हे हवं असं म्हणावं, बस. (हे वाक्य तुझ्यापुरतं.)

शिवाय तिचे गुडघे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, न थांबता दोनशे मीटर. वाळूत किती, ते त्यांना सांगता येईना. वाळूत कष्ट साधारण दुप्पट पडतात, म्हणून वाळूचा एक मीटर मी दोन धरला आणि खोलीपासून किनाऱ्यापर्यंतच्या अंतराचा अठरावा रकाना काढला. सोमवारी एका कारखान्यात कामावर असताना सतराव्या हॉटेलवाल्याचा फोन आला, की खोली ते किनारा एकशे ऐंशी, त्यातले चाळीस वाळूतले, आत्ता सांगा. म्हणजे माझ्या हिशेबाने दोनशे वीस, मर्यादेच्या जेमतेम बाहेर. आजूबाजूला यंत्रं धडधडत होती. मी बाबांना फोन लावून ओरडून विचारलं, “बाबा, आई चालेल का?”

बाबा म्हणाले, “चालेल का म्हणजे? चालायलाच हवी! तिला सोडून कसं जायचं?”

मी म्हटलं, “हो की नाही एवढंच सांगा. नाहीतर मला दुसरं बघावं लागेल.” (दुसरं म्हणजे दुसरं हॉटेल.)

बाबांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला अभिमानाने सांगितलं, की तुझी लेक विचारत होती तू चालशील का, पण मी ठणकावून सांगितलं, चालायलाच हवी. त्यांना वाटलं, आपण बायकोची बाजू लढवली. मी घरी आले तेव्हा आईची अर्धी भरलेली बॅग रिकामी होऊन कपाटावर परत गेली होती. म्हणाली, मी कुणाला चालते की नाही याची चौकशी चालू आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघं जाऊन या. मला चालेल. मी सांगायला गेले की अगं, मी अंतराबद्दल बोलत होते. ती म्हणाली, “हो, ते अंतर कळलं मला.”

यावर काय बोलायचं, मावशी? मला चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. चुकीचा शब्द दुरुस्त करायला गेलं की त्याला अजून चार फुटतात, म्हणून मी गप्प बसते, आणि आई म्हणते की हिला काही वाटतच नाही.

असो. तुला लिहायचं कारण एवढंच, की क्रमांक सतरा आणि एकोणतीस या दोनांतलं कोणतं बरं ते सांग. तक्ता सोबत जोडला आहे. काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो मोजायला मी बसलेली नाही.

तुझी भाची

ता. क. : हॉटेलाचं राहू दे. उद्या चारला बाबा केस कापायला जातील. तेव्हा आईला फोन कर आणि मी काय विचारत होते ते तिला समजावून सांग. तुझं ती ऐकते. पण सहज सांग. मागच्या वेळी तू ‘सहज’ विचारलंस, तेव्हा आई दोन दिवस मला विचारत होती की तुझ्या मावशीला काय झालंय. या पत्राबद्दल बोलू नकोस.

ता. क. २, पाच वाजून दहा मिनिटं : फोन करू नकोस. पाकीट चिकटवणार एवढ्यात आई कपबशा न्यायला आली आणि तिचा पाय नेमका अठराव्या रकान्यावर पडला. उचलून मोठ्याने वाचलं, “आई चालेल, कंसात मीटर. एकशे दहा. चारशे, फुली. दोनशे वीस, प्रश्नचिन्ह.” मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अगं, मग ‘तुझे गुडघे कसे आहेत’ असं विचारायला काय झालं होतं?”

“बरे आहेत म्हणाली असतीस.”

“मग बरेच आहेत!”

नंतर पलंगाच्या कडेवर बसून तिने सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, यात पाणी कुठे आहे? मी पाण्याचं अंतर दाखवलं. म्हणाली, लांब किती ते नव्हे गं, खोल किती? मावशी, त्रेचाळीस हॉटेलं, अठरा रकाने, आणि पाणी किती खोल हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोक समुद्रावर वाळूत बसायला जातात असं मी गृहीत धरलं होतं. आई म्हणाली, मला कमरेएवढं, बिनलाटांचं पाणी हवं. सुरुवातीला. मग बघू. आम्ही तीनदा मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही, पण हे ‘हवं’ मी एकदाच ऐकून लिहून घेतलं. तिला पोहता येतं हे तू मला आजवर सांगितलं नाहीस. ती म्हणते, तुलाही तिनेच शिकवलं. मी विचारलं, मग सोडलंस का? म्हणाली, सोडलं कुठे, पाणी नव्हतं.

क्रमांक आठ पक्कं केलं. तिथे किनाऱ्यापासून शंभर मीटरपर्यंत भरतीलाही पाणी कमरेच्या वर जात नाही, हे दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करून घेतलं. चहा तिथे सातला मिळतो. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ३ : आता खरं काम. आईला पोहायचा पोशाख हवा आहे. गडद निळा, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. दुकानात यायला ती तयार नाही आणि मला टेप लावू देत नाही. (ऑफिसातला, प्रमाणपत्र असलेला आणला होता.) म्हणाली, मावशीला लिही, तिच्याच मापाचा, फक्त कमरेला दोन बोटं जास्त. मी विचारलं, कुणाची बोटं? म्हणाली, तिला कळतं. तर तुला कळत असेल त्याप्रमाणे आण, पण बोटं तीन धर. आईने विचारलं तर दोनच धरली म्हणून सांग.