ठकूबाईंचा जबडा आणि माझं समजावणं

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नियम. नुसत्या गोळ्या लिहून पेशंटची बोळवण करायची नाही. जबड्याचा सांधा कसा चालतो, चावा बिघडला की तो का दुखतो, हे प्रत्येकाला समजावायचं. अख्ख्या महाडात कोणी हे करत नाही. प्लास्टरचा जबडा टेबलावर मांडला. असिस्टंट राजश्रीने त्यावर रुमाल टाकला. पेशंट घाबरतात म्हणे. काढायला लावला.

५ फेब्रुवारी
पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या ठकूबाई आल्या. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, कानापाशी कटकट वाजतं, भाकरी चाववत नाही. महिनाभर पेजेवर आहेत. चाळीस मिनिटं समजावलं. मध्येच काही सांगायला बघत होत्या, पण पेशंटला बोलू दिलं की विषय भरकटतो. डावीकडची दाढ काढा म्हणाल्या. ती दाढ निर्दोष आहे, दिवाळीत मीच भरलीय. शेवटी त्यांनी मान डोलावली. पटलं! एसटी मात्र चुकली त्यांची.

१२ फेब्रुवारी
ठकूबाईंना रात्री दातांवर बसवायची प्लेट दिली, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी असते ती. पुन्हा अर्धा तास समजावलं. बाईंना जांभई येत होती, पण तोंड उघडेना. माझा घसा बसलाय.

२४ फेब्रुवारी
फरक शून्य. बाई वाळल्यात. प्लेट घालता ना, विचारलं. नवरा गोमाजी घालतो म्हणाल्या. झोपेत दात तो खातो, त्या नाही. त्याला बसेना म्हणून त्याने कानशीने घासून घेतली. म्हणजे दात खाण्याचा मुद्दा बरोबर पोचला होता. माझं समजावणं वाया गेलेलं नाही. आता भिंतीवर तक्ता लावतो.

६ मार्च, संध्याकाळ
थकलोय. आज ठकूबाई परत आल्या. मला समजावायला काही उरलं नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून दातांत चावा कुठे टेकतो ते दाखवणारा निळा कागद धरून चावायला लावलं. मी भरलेल्या दाढेवर ठसठशीत निळा डाग, बाकी सगळे दात कोरे. दाढेत भरलेलं सिमेंट उंच राहिलं होतं. चार महिने त्या एका दाढेवर सगळा जबडा टेकत होता. दोन मिनिटं घासलं. त्यांनी दात मिटले, उघडले, परत मिटले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला लाज वाटली. तरी विचारलंच, दाढ उंच लागते हे आधी का नाही सांगितलंत.

"पयल्याच दिवशी सांगत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात, बोलू नका, तोंड उघडं ठेवा."